त्या काकांच्या छातीवर नंबर नव्हता

सकाळपासून ग्रुपवर आजच्या सायकल रॅलीचे फोटो येऊन पडतायत. एकाच रंगाचे टी-शर्ट, वर केलेले अंगठे, दातांत धरलेली मेडलं. ‘आज आपलं शहर सायकलमय झालं’ असं कुणीतरी लिहिलंय आणि त्याखाली टाळ्यांची रांग लागलीय. त्यातल्या एका फोटोत मीही आहे, मागे, कोपऱ्यात, तोंड वाकडं करून. दोघातिघांनी विचारलंसुद्धा, ‘काय गं, दमलीस का?’ दमले नव्हते. वैतागले होते. दुपारी जरा पडावं म्हटलं तर झोप येईना, म्हणून आता लिहितेय. लांबलचक होणार आहे, आधीच सांगते.

आम्ही निघालो आणि दुसऱ्याच वळणावर आडव्या रस्त्याने एक काका सायकलवरून आले. पन्नाशी उलटलेले, अंगात वॉचमनचा गणवेश, हँडलला डबा अडकवलेला. तिथे एक स्वयंसेवक उभा होता, विशीतला पोरगा, गळ्यात शिट्टी. त्याने हात आडवा केला. ‘ओ काका, उतरा, उतरा. बाजूला घ्या सायकल. सायकल रॅली चाललीये, दिसत नाही का?’

काका उतरले. वाद घातला नाही. ‘सातची ड्युटी आहे,’ एवढंच म्हणाले, तेही धड कुणाला उद्देशून नाही. सायकल फुटपाथला टेकवली आणि आमच्याकडे बघत उभे राहिले.

सायकल चालवा म्हणून सांगायला भरवलेल्या कार्यक्रमात रोज सायकल चालवणाऱ्या माणसाला खाली उतरवलं. कारण त्याच्या छातीवर नंबर नव्हता.

त्या पोराचा दोष नाही, हे मान्य. नंबर नसलेल्याला आत सोडू नका, असं त्याला कुणीतरी सांगितलं असणार. पण ज्यांनी सांगितलं, त्यांच्या डोक्यात सायकल चालवणारा माणूस म्हणजे नेमका कोण आहे? महिनाभर तयारी चालली होती म्हणे. कमान कुठे उभारायची, ड्रोन किती वाजता उडवायचा, हिरवा झेंडा कुणाच्या हाती द्यायचा. आणि रविवारी सकाळी त्या रस्त्यावरून खरोखरीच सायकलने कामाला जाणारी माणसं असतात, हे एकालाही सुचू नये?

बरं, आमच्यातले निम्मे लोक तिथे सायकल गाडीच्या टपावर लादून आले होते. ती सायकल उतरवायची, रॅलीपुरती चालवायची, पुन्हा टपावर चढवायची आणि घरी जायचं. लांब राहणाऱ्यांचा नाइलाज असतो, ठीक आहे. पण मग रॅली संपल्यावर त्या गाड्या कुठे उभ्या होत्या, तेही बघा की. सायकल ट्रॅकवर! मी फोटो काढलाय, मुद्दाम टाकत नाही. नंबरप्लेटा दिसतायत, आणि त्यातल्या काही तुमच्याच आहेत.

१९९२ साली सॅन फ्रान्सिस्कोत सायकलवाल्यांनी महिन्याच्या एका शुक्रवारी संध्याकाळी एकत्र घरी जायला सुरुवात केली. पुढे त्याला क्रिटिकल मास म्हणायला लागले आणि ते जगभरच्या शहरांत पसरलं. नेता नाही, नोंदणी नाही. चौकात सिग्नल बदलला तर दोघंचौघं आडव्या रस्त्यावर गाड्यांपुढे सायकली घेऊन उभे राहतात, शेवटची सायकल पार होईपर्यंत. त्या प्रकाराबद्दल माझं फार चांगलं मत आहे असं नाही. कधीकधी त्यात उगाच भांडणं होतात आणि बसमधली माणसं विनाकारण अडकतात. पण तिथे सायकलींसाठी गाड्या थांबवतात. आमच्याकडे आज सायकलींसाठी सायकल थांबवली.

मी थांबले. मागून दोघं ‘ओ मॅडम, मध्येच थांबू नका’ म्हणत गेले. मी त्या पोराला म्हटलं, अरे, यांना येऊ दे की आमच्याबरोबर, त्यांना पुढच्या चौकात वळायचंय. तो म्हणाला, ‘मॅडम, नंबर नाहीये त्यांच्याकडे.’ माझ्या शेजारी आणखी एक गृहस्थ थांबले होते, ते म्हणाले, ‘हेल्मेटपण नाहीये. लाइट नाही. उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची?’

लाइट हवा, खरंय. अंधारात सायकल चालवायची तर पुढे पांढरा, मागे लाल हवाच, आणि हेल्मेट असलं तर चांगलंच. पण काकांचा जीव घेणारी गोष्ट त्यांच्या डोक्यावर नसलेलं हेल्मेट नाही हो. कडेला उभ्या असलेल्या गाडीचं न बघता धाडकन उघडलेलं दार असतं, किंवा वितभर अंतरावरून सुसाट जाणारा टेम्पो. नेदरलँड्समध्ये एक साधी सवय शिकवतात, गाडीचं दार लांबच्या हाताने उघडायचं. म्हणजे दार उजवीकडे असेल तर डाव्या हाताने. त्याने अंग आपोआप वळतं आणि मागून येणारी सायकल दिसते. आज मंचावरून एवढं एक जरी सांगितलं असतं, तरी गाडी घेऊन आलेल्यांना काही उपयोग झाला असता. त्याऐवजी काय सांगितलं, तर सायकल चालवल्याने पोट कमी होतं.

नेदरलँड्सचं नाव काढलं की तुमच्यातले काही जण ताबडतोब म्हणणार, ‘तिकडचं सोड गं, त्यांची संस्कृतीच वेगळी.’ हे वाक्य ऐकून माझे कान किटलेत. १९७१ साली त्या एवढ्याशा देशात तीन हजारांहून जास्त माणसं रस्त्यावर मेली, आणि त्यात चारशेच्या वर लहान मुलं होती. संस्कृती तेव्हाही तीच होती. रस्ते मात्र गाड्यांसाठी रुंद करत सुटले होते. पुढच्या वर्षी, स्वतःची मुलगी रस्त्यावर गमावलेल्या एका पत्रकाराने वर्तमानपत्रात लेख लिहिला आणि त्यातून मुलांचे जीव जाणं थांबवा म्हणणारी चळवळ उभी राहिली. आईबाप सायकली घेऊन रस्ते अडवायला लागले. १९७३ च्या नोव्हेंबरात तेलाची टंचाई आली, सरकारने काही रविवार गाड्या बंद ठेवल्या, आणि मोकळ्या रस्त्यावर किती जागा असते ते लोकांना दिसलं. सायकलचे वेगळे रस्ते त्या भांडणातून आले, एकाएकी नाही, वर्षानुवर्षं मागून मागून आले. कुणी रक्तात सायकल घेऊन जन्माला येत नाही.

आणि म्हणून मला विचारायचंय, आजच्या रॅलीने कुणाकडे काय मागितलं? झेंडा दाखवणारे साहेब समोर उभे होते, माइक चालू होता, आम्ही सगळे समोर होतो. ट्रॅकवरचं पार्किंग हटवा, एवढं एक वाक्य कुणी बोललं? नाही बोललं. ‘आपल्या सहकार्याबद्दल आभार’ म्हणाले. साहेब गाडीत बसून गेले.

जरा पाणी पिऊन आले.

हे वाचून ज्यांनी रॅली भरवली त्यांना वाईट वाटेल. त्यातले काही माझे मित्र आहेत, पहाटे तीनपासून ते बॅरिकेडं लावत होते, कुणी त्यांना दमडी दिलेली नाही. आणि आमच्या ग्रुपमधली एक जण चाळिशीनंतर सायकल शिकली, ती अशाच एका रॅलीत नाव नोंदवून बसली होती म्हणून. हे मला नाइलाजाने लिहावं लागतंय, पण खरं आहे ते खरं आहे.

तरीही वर्षातून एकदा रस्ता बंद करून काही होत नाही. कोलंबियातल्या बोगोटात १९७४ पासून हे चाललंय. दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत शंभर किलोमीटरहून जास्त लांबीचे रस्ते गाड्यांना बंद, माणसांना खुले. सायकल आणा, चालत या, बाबागाडी ढकलत या, कुणी छातीवरचा नंबर बघत नाही. दर आठवड्याला होतं म्हणून त्याची सवय लागते, आणि सवय लागली की मग ते बंद करायची कुणाची हिंमत होत नाही. आमच्याकडचे आजचे काका तिथे रविवारी कामावर निघाले असते, तर त्यांना रोजच्यापेक्षा चांगला रस्ता मिळाला असता. अडवलं नसतं.

हो, काकांचं राहिलंच. शेवटी मी त्या पोराकडे दुर्लक्ष केलं आणि काकांना म्हटलं, चला हो तुम्ही, माझ्या शेजारून चला. शिट्ट्या वाजल्या. वाजू देत. काका आधी बिचकले, मग आले. जुनी काळी सायकल, मागच्या मडगार्डला तारेने बांधलेलं कॅरिअर, चेन मात्र अशी तेल घातलेली की आवाज नाही. आमच्यातल्या निम्म्या महागड्या सायकली कुरकुरत होत्या. चौक येईपर्यंत त्यांनी एकच प्रश्न विचारला. ‘ह्याला पैसे भरावे लागतात का?’ मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली, हात दाखवला आणि वळले. आजच्या अख्ख्या रॅलीत वळताना हात दाखवणारा तो एकच माणूस मला दिसला.

जेकबसन नावाच्या एका अमेरिकन अभ्यासकाने २००३ साली मांडलंय की रस्त्यावर सायकली वाढल्या की दर सायकलस्वारामागे अपघात कमी होतात. साधी गोष्ट आहे, गाडी चालवणाऱ्याच्या नजरेला सायकलीची सवय होते. ती सवय आपण लावत नाही, रविवारवाले. ती रोज पहाटे कामावर जाणारे वॉचमन, दूधवाले, पेपरवाले, शाळेतली पोरं लावतात. त्यांच्या जिवावर आपण रविवारी सुरक्षित असतो, आणि आपल्याच कार्यक्रमात त्यांना म्हणतो, बाजूला व्हा.

मग करायचं काय? माझ्या मते वेग काढून टाका आधी. राइडमध्ये सगळ्यात हळू चालवणारा सगळ्यात पुढे, आणि एक जण कायम सगळ्यांच्या मागे, कुणी सुटलं तर त्याच्याबरोबर थांबणारा. स्ट्रावावर, म्हणजे वेग आणि अंतर मोजणाऱ्या त्या अ‍ॅपवर, आकडे टाकायचेत त्यांनी दुसऱ्या दिवशी जावं. रॅलीपेक्षा मला शाळेची सायकल बस जास्त पटते. बार्सिलोनात २०२१ पासून पोरं ठरलेल्या रस्त्याने ठरलेल्या वेळी एकत्र सायकलने शाळेत जातात, पुढेमागे आईबाप, वाटेत स्टॉपवर आणखी पोरं सामील होतात. मेडल नाही, काही नाही. पोरगं शाळेत पोचतं.

आणि मोठ्या माणसांना सायकल शिकवा, विशेषतः बायकांना. किती जणी मला हळूच सांगतात की लहानपणी भावाला शिकवली, मला नाही. मागून कॅरिअर धरून धावणं बंद करा, त्याने कुणी शिकत नाही, दोघंही पडतात. पॅडल काढून टाका, सीट इतकी खाली घ्या की दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकतील, आणि थोड्या उताराच्या मोकळ्या मैदानात नुसतं पायाने ढकलत जाऊ द्या. तोल आला, पाय बराच वेळ वर राहायला लागले, की मग पॅडल लावा. शिकणारीला स्वतःलाच विश्वास बसत नाही. घाबरून ब्रेक करकचून दाबतात, हसतात, रडतात. त्यात जो आनंद आहे तो कमानीखालून जाण्यात नाही बाई.

दुरुस्तीचंही तसंच. एका कोपऱ्यात पंप, स्पॅनर, पंक्चरचं सामान आणि तेलाची बाटली घेऊन दोन जाणकार बसले, तरी घराघरांत जिन्याखाली धूळ खात पडलेल्या किती सायकली रस्त्यावर येतील. बहुतेकींना फक्त हवा नसते आणि ब्रेकचे रबर झिजलेले असतात.

‘हे सगळं बोलायला ठीक आहे, तू कर ना’ असं कुणीतरी लिहिणारच, म्हणून तेही सांगून टाकते. पुढच्या रविवारपासून आम्ही काही जण करतोय. सकाळी साडेसहाला, आजच्याच वळणावर. रस्ता बंद करणार नाही, कारण तशी परवानगी आम्हाला कोण देणार. हळूहळू जाऊ, ट्रॅकच्या शेवटापर्यंत, आणि ट्रॅकवर उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीची नोंद करून महापालिकेला देऊ. दर आठवड्याला देऊ, त्यांना कंटाळा येईपर्यंत. परतल्यावर मैदानात शिकवणीचा वर्ग.

टी-शर्ट मिळणार नाही. खाली ‘स्तुत्य उपक्रम’ लिहू नका, प्लीज. दोन पंप हवे आहेत, एक चेन काढायचं हत्यार हवंय, आणि ज्यांच्याकडे सीट खाली घेता येईल अशी लहान फ्रेमची सायकल पडून आहे त्यांनी मला मेसेज करा, मी येऊन घेऊन जाईन. आणि ज्यांच्या गाड्या ट्रॅकवर होत्या, त्यांनी रविवारपर्यंत दुसरी जागा शोधा.