आतून सगळे क्रोमच? मग आयफोनवरचं क्रोम कोण?

नाशिकमधल्या करसल्लागारांच्या, अकाउंटंटच्या आणि सातपूर-अंबडच्या छोट्या कारखानदारांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक मजकूर फिरतोय. थोडक्यात असा: ‘विवाल्डी, ब्रेव्ह, फायरफॉक्स हे ब्राउझर म्हणजे रिकामटेकड्यांचं खूळ. आतून सगळे क्रोमच. सरकारी पोर्टल त्यावर चालत नाहीत, सेटिंग करण्यात आठवडा जातो, पासवर्ड चोरीला जातात, आणि उद्या कंपनी बंद पडली की बसा बोंबलत. कामाच्या माणसाने क्रोम सोडू नये.’ खाली अंगठ्यांची रांग. महिन्याच्या अकरा तारखेपासून वीस तारखेपर्यंत, म्हणजे जीएसटी रिटर्नच्या दिवसांत, माझा सगळा दिवस ब्राउझरमध्येच जातो, त्यामुळे यातलं एकेक वाक्य जरा तपासून घेऊ.

‘आतून सगळे क्रोमच.’ फायरफॉक्सला हे लागूच होत नाही. त्याचं इंजिन, म्हणजे वेबपान पडद्यावर मांडणारा गाभा, गेको. ते फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं स्वतःचं. विवाल्डी, ब्रेव्ह, ऑपेरा आणि २०२० पासून मायक्रोसॉफ्टचं एज हे मात्र क्रोमियमवर उभे आहेत, हे खरं. पण क्रोमियम म्हणजे क्रोम नव्हे. क्रोमियम हा खुला कोड आहे. गूगल त्यावर स्वतःचं खातं, सिंक (बुकमार्क-पासवर्ड सगळ्या उपकरणांवर सारखे ठेवणं) आणि बाकी सेवा चढवून क्रोम बनवतं, दुसरे आपापलं काही चढवतात. आणि इंजिनावरूनच जात ठरवायची तर गंमत होते. क्रोमचं ब्लिंक हे इंजिन २०१३ साली ॲपलच्या वेबकिटमधून फुटून निघालं, आणि वेबकिट निघालं केडीई या लिनक्सवाल्यांच्या केएचटीएमएलमधून. म्हणजे क्रोमही ‘आतून’ दुसऱ्याचंच. त्याहून पुढे, आपल्याकडे आयफोनवर जे क्रोम मिळतं ते ॲपलच्या नियमाप्रमाणे वेबकिटवर चालतं. त्या फोनवर क्रोमसुद्धा या हिशेबाने क्रोम नाही!

एका गोष्टीत मजकूर लिहिणाऱ्याशी मी सहमत आहे. जवळजवळ सगळे एकाच इंजिनावर आले ही चांगली गोष्ट नाही. गूगलने इंजिनात केलेला बदल सगळ्यांच्या दारात येतो. पण ही तक्रार फायरफॉक्स वापरून बघण्याच्या बाजूची आहे, क्रोमला चिकटून राहण्याच्या बाजूची नाही.

‘सरकारी पोर्टल चालत नाहीत.’ हा मुद्दा नाशिकच्या ऑफिसांत सगळ्यात जास्त चालतो, म्हणून इथे थोडं थांबतो. डीएससी (डिजिटल सही) लावून रिटर्न भरताना अडतं ते बहुतेक वेळा ब्राउझरमुळे नव्हे. जीएसटीसाठी एमसाइनर आणि आयकरासाठी एमब्रिज हे छोटे प्रोग्रॅम आपल्या कॉम्प्युटरवर चालू असावे लागतात. ब्राउझर त्यांच्याशी बोलतो आणि ते सही ठेवलेल्या यूएसबी टोकनशी. प्रोग्रॅम बंद असेल तर क्रोममध्येही तीच एरर येते. फायरफॉक्समध्ये एक जादा पायरी येऊ शकते, कारण प्रमाणपत्रांची यादी तो स्वतःची ठेवतो आणि एमसाइनरच्या प्रमाणपत्राला आपल्याला परवानगी द्यावी लागते. ब्रेव्हमध्ये पोर्टल अर्धवट उघडलं तर ॲड्रेसबारमधल्या सिंहावर क्लिक करून त्या साइटपुरतं शील्ड (जाहिराती आणि ट्रॅकर अडवणारी सोय) बंद करायचं. विवाल्डी आणि एज हे इंजिनाने क्रोमचेच भाऊबंद, म्हणजे मजकुराचा पहिला मुद्दा खरा धरला तर दुसरा आपोआपच पडतो. दोन्ही एकाच श्वासात म्हणणं म्हणजे कमालच.

आणि खरं सांगा, एकट्या क्रोमवर आपलं भागतं का? एक क्लायंट क्रोममध्ये, दुसरा इन्कॉग्निटोत, तिसरा एजमध्ये, हा उद्योग कॅनडा कॉर्नरपासून सिडकोपर्यंत कुठल्याही ऑफिसात बघायला मिळेल. कारण एकाच ब्राउझरच्या दोन टॅबमध्ये एकाच पोर्टलचे दोन लॉगिन एकमेकांच्या पायात येतात. इन्कॉग्निटोच्या दोन खिडक्या उघडूनही सुटका नाही, त्यांची कुकी (लॉगिन लक्षात ठेवणारी नोंद) एकच असते. क्रोममध्ये वेगवेगळी प्रोफाइल करता येतात, पण प्रत्येकाची खिडकी वेगळी आणि प्रत्येकाचे बुकमार्क वेगळे. फायरफॉक्सला मोझिलाचंच एक एक्स्टेंशन आहे, मल्टी-अकाउंट कंटेनर्स. त्यात एकाच खिडकीत पिंपळगावच्या द्राक्ष निर्यातदाराचा टॅब हिरवा, अंबडच्या प्रेस-शॉपवाल्याचा लाल, लासलगावच्या कांदा व्यापाऱ्याचा निळा. तिघांची कुकी वेगळी, तिघेही एकाच वेळी लॉगिन. साठवलेले पासवर्ड आणि हिस्टरी मात्र सगळ्या कंटेनरना सामाईक राहतात, तेव्हा लॉगिनच्या चौकटीत कोणाचं नाव आपोआप भरलंय ते बघूनच एंटर मारा.

‘सेटिंगमध्ये आठवडा जातो.’ जाऊ शकतो. विवाल्डीच्या सेटिंगचं पान उघडलंत तर संध्याकाळ कशी गेली कळणार नाही, आणि थीमचे रंग बदलत बसणाऱ्याला कामाचा माणूस मीही म्हणणार नाही. पण हा ब्राउझर मुळात अशांसाठीच बनला. ऑपेराच्या संस्थापकांपैकी एक, यॉन फॉन टेट्झनर, यांनी कंपनी सोडली. पुढे ऑपेराने २०१३ मध्ये स्वतःचं इंजिन टाकलं आणि जुन्या वापरणाऱ्यांच्या बऱ्याच सोयी गेल्या. त्या परत आणायला २०१६ साली विवाल्डीची पहिली पक्की आवृत्ती निघाली. टॅब एकावर एक रचून गट करणं ऑपेरात २०१० सालीच होतं. क्रोमला त्याच्या जवळपासचं काही द्यायला २०२० उजाडलं.

बदलायच्या गोष्टी दोन-तीनच. टॅब वरून काढून डावीकडे उभे लावा. वरच्या पट्टीत वीस टॅब झाले की नुसती चिन्हं उरतात, आणि पोर्टलच्या सगळ्या टॅबवर चिन्ह तेच. उभ्या यादीत निदान नाव वाचता येतं. रोजच्या बुकमार्कला टोपणनाव द्या, ॲड्रेसबारमध्ये एक-दोन अक्षरं टाकली की पान उघडतं. आणि टायलिंग शिका: कंट्रोल दाबून दोन टॅब निवडायचे, राइट क्लिक करून शेजारीशेजारी लावायचे. चौदा तारखेला टू-बी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी) आली की डावीकडे ती, उजवीकडे मेलमधून आलेलं बिल. जॉबवर्कवाल्याने बिलावर ‘०१४७/ए’ लिहिलंय आणि रिटर्नमध्ये नुसतं ‘१४७’ टाकलंय, ही असली भानगड दोन्ही पानं एकाखाली एक न्याहाळताना नजरेतून सुटते, शेजारी ठेवल्यावर लगेच दिसते. एवढं करायला अर्धा तास पुरतो.

उलट बाजूनेही एक थाप मारली जाते, की नवीन ब्राउझर घेतला की जुना चार जीबीचा कॉम्प्युटर पळायला लागतो. नाही पळत. क्रोमियमवाले सगळेच टॅबमागे वेगळी प्रोसेस चालवतात, रॅम खातातच. वर विवाल्डीची स्वतःची चौकट वेब तंत्राने बांधलेली आहे, जुन्या मशिनवर ती किंचित जडच वाटते. वापरात नसलेले टॅब झोपवायची सोय आता क्रोमसकट सगळ्यांत आहे. वेगासाठी बदलू नका.

‘पासवर्ड चोरीला जातात.’ धोका आहे, पण मजकुरात लिहिलाय तिथे नाही. क्रोममधून पासवर्ड बाहेर काढले की एक सीएसव्ही फाइल तयार होते. ती नोटपॅडमध्ये उघडून बघा: सगळ्या क्लायंटचे लॉगिन उघडे, कोणालाही वाचता येतील असे. लोक ती डाउनलोड फोल्डरमध्ये तशीच सोडतात, कधी स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवतात. नव्या ब्राउझरमध्ये घेतली की लगेच उडवा, रिसायकल बिनमधूनही. विवाल्डी आणि फायरफॉक्स दोघांचंही सिंक एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहे, म्हणजे मधे कंपनीलाही ते वाचता येत नाही. ब्राउझर अधिकृत साइटवरूनच उतरवा, जाहिरातीच्या लिंकवरून नाही.

राहिला ‘कंपनी बंद पडली तर’. हे घडतं. आर्क नावाच्या ब्राउझरचं अमेरिकेत केवढं कौतुक चाललं होतं. पुढे बनवणाऱ्यांनी त्यात नवीन काही घालणं थांबवलं आणि दुसऱ्याच ब्राउझरकडे वळले. पण मोठी कंपनी म्हणजे कायमचा आधार, असंही नाही. एके काळी सरकारी साइटवर ‘इंटरनेट एक्सप्लोररमध्येच उघडा’ अशी पाटी असायची, आणि मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ ला विंडोज १० वरचा त्याचा सपोर्ट संपवला. ज्यांचं काम फक्त त्यावरच चालायचं ते एजमधल्या आयई मोडमध्ये जाऊन बसले. बुकमार्क एक्स्पोर्ट केले की एचटीएमएल फाइल मिळते, ती यातला कुठलाही ब्राउझर उघडतो. तिमाहीला बॅकअप घेता, त्या पेनड्राइव्हवर तीही टाका.