थर्मोस्टॅट काढल्यानं गाडी थंड राहत नाही

लग्नसराई लागली की आपल्याकडे जुन्या अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनी शेडमधून निघतात, अन् त्यांच्या मागोमाग एक मेसेज गावोगाव फिरतो. म्हणणं असं: विदर्भाच्या उन्हात जुनी गाडी उकळणारच, थर्मोस्टॅट काढून टाका, साध्या पाण्याइतकं थंड काही नाही, कूलंट कशाला, आणि उकळलीच तर झाकण खोलून लगेच थंड पाणी ओता. मी दर्यापूरकडे बरीच वर्षं पद्मिनी चालवतो. असं ऐकून इंजिनाचं हेड (सिलिंडरांवरचं धातूचं झाकण) गेलेल्या दोन गाड्या डोळ्यांनी पाहिल्या, म्हणून लिहितो.

आधी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनातलं पाणी थंड व्हायला पुढच्या रेडिएटरकडे सोडणारी झडप. पाणी साधारण ८२ अंशांपर्यंत तापेस्तोवर तो मिटलेला असतो, मग आतलं मेण फुगून झडप उघडते. एकदा पूर्ण उघडला की त्याची आडकाठी फारशी उरत नाही. म्हणजे तो धड असेल तर काढून फायदा नाही, आणि काढल्यावर गाडी थंड राहिली तर तो अडकलेला होता, नवा बसवा. शंका असेल तर गंजात (पातेल्यात) पाणी उकळायला ठेवा, थर्मोस्टॅट दोऱ्यानं अधांतरी सोडा, शेजारी थर्मामीटर धरा. माझा ९५ अंशांवरही मिटलेलाच होता. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, फेका ना आता, काई होत नाई." होतं. थंडीच्या दिवसांत इंजिन नीट तापत नाही, न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि सिलिंडर झिजतात. (थर्मोस्टॅट नसला की पाणी इतक्या जोरात पळतं की थंड व्हायला वेळच मिळत नाही, असंही काही जण सांगतात. तेही चूक, तेच पाणी तितक्याच लवकर पुन्हा रेडिएटरमध्ये येतं.)

पाण्याबद्दलची अर्धी गोष्ट खरी आहे: नुसतं पाणी कूलंटपेक्षा जास्त उष्णता वाहून नेतं. पण आपलं पाणी कोणतं? पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेला भाग, अकोला, अमरावती, बुलढाण्यात पसरलाय. अंघोळीच्या बंबात जो पांढरा थर धरतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत धरतो. मागच्या वर्षी मी माझ्या रेडिएटरची वरची टाकी खोलून घेतली. जवळजवळ तिसरा हिस्सा नळ्यांची तोंडं बुजलेली. झाडूची काडी घातली तर आत जाईना, टोकाला चुन्यासारखी खपली निघाली. त्यात पद्मिनीचं हेड अल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा. खाऱ्या पाण्यात हे दोन धातू एकत्र आले की अल्युमिनियम खाल्लं जातं. अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड पाणी भरा. गंज आवरतो आणि उकळणबिंदू १०७ अंशांच्या आसपास जातो. झाकणाचं रबर आणि स्प्रिंग धड असेल तर दाबामुळे आणखी वर.

आता ऊन. बाहेर ३० अंश आणि पाणी ९० वर असेल तर फरक ६०चा. आपल्या ४५ अंशांत तो ४५ उरतो. म्हणजे रेडिएटरची ताकद पाव हिश्शानं घटते. ऊन गाडी उकळवत नाही, लपलेला दोष उघडा पाडतं. म्हणून गाडी कधी तापते ते आधी पाहा. वरातीत, हळू चालताना तापत असेल तर फॅन आणि बेल्ट तपासा. रस्त्यावर वेगात तापत असेल तर नळ्या बुजल्यात, किंवा खालचा होज (रबरी नळी) आतून मऊ पडून ओढीनं चपटा होतो. थोडं गरम झाल्यावर इंजिन बंद करून रेडिएटरवरून दुरूनच तळहात फिरवा. मध्येच गार लागेल तिथं पाणी फिरत नाही. बाहेरून बॅटरी (टॉर्च) लावून पाहिलं तर माझ्या जाळीत कापसाचे तंतू आणि सोयाबीनचं कुटार फेल्टसारखं दाबून बसलेलं होतं. इंजिनाच्या बाजूनं पाण्याचा हलका फवारा मारला तेव्हा मूठभर निघालं. टायमिंग मागे असेल, म्हणजे ठिणगी उशिरा पडत असेल, तरीही इंजिन तापतं. थंड इंजिन चालू करताच रेडिएटरमध्ये बुडबुडे येत राहिले किंवा ऑइल दुधाळ दिसलं तर हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधली पट्टी) गेलंय, वरचे उपाय पुरणार नाहीत.

थंड पाणी ओतायचा सल्ला सगळ्यात घातक. झाकण खोलताच वाफ अंगावर येते, तापलेलं हेड अचानक आकसून तडकतं. गाडी सावलीत लावा, इंजिन बंद करा, बॉनेट उघडा, अर्धा-पाऊण तास थांबा. मग जाड कापड धरून झाकण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा, दाब निघू द्या, आणि इंजिन चालू करून कोमट पाणी थोडं थोडं घाला.