शेअर रिक्षाचं जीएसटी बिल आणा म्हणे!

शेअर रिक्षाचं. हो, शेअर रिक्षाचंच. नवी मुंबईतल्या ऐरोली स्टेशनहून दिघ्याच्या वर इलठणपाड्याकडे जाणारी, मागे तिघं कोंबलेली आणि चौथा ड्रायव्हरला चिकटून बसलेला, ती रिक्षा. तिचं बिल हवंय आमच्या संस्थेला सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांनी कायद्याने समाजकामावर खर्चायचे पैसे देणाऱ्या कंपनीच्या साहेबांना, जीएसटी नंबरासकट. नाही दिलं म्हणून तिसरा हप्ता अडवून ठेवलाय आणि आमच्या तायांचे, वस्तीत घरोघर फिरणाऱ्या कार्यकर्त्यांचे, पगार लटकलेत.

मेल आला काल ऑफिस सुटता सुटता. असले मेल नेमके तेव्हाच येतात, म्हणजे उलट फोन करायला समोर कुणी नको. यूसी, म्हणजे पैसे कुठे खर्च झाले त्याचं प्रमाणपत्र, परत पाठवलंय. प्रवासखर्चाची व्हाउचर्स ग्राह्य धरता येणार नाहीत, त्रयस्थ पक्षाची बिलं जोडा. व्हाउचरवर रेव्हेन्यू स्टॅम्प नाही, लावा. आणि खाली तिसरा मुद्दा, त्याच्याकडे येतेच.

आज सकाळी फोन लागला. म्हटलं, सर, शेअर रिक्षावाला बिल देत नाही. तर म्हणतात, ‘मॅडम, मग अ‍ॅपवरून गाडी बोलवत चला ना, त्याचं बिल मेलवर येतं.’ अहो, २० रुपयांत होणाऱ्या फेरीला मी दीडशे-दोनशे घालवू? बरं, घातले, तर पुढच्या तिमाहीत हेच साहेब विचारणार की प्रवासखर्च एवढा कसा वाढला, बजेट लाइनच्या बाहेर गेलात, आधी परवानगी का नाही घेतली. शिवाय ती गाडी वर चढत नाही. ड्रायव्हर खालच्या नाक्यावरच म्हणतो, इथेच उतरा. पुढचा चढ चालतच चढावा लागतो. महाप्याच्या काचेच्या इमारतीत बसून हे कळणार नाही, मान्य. पण मग विचारा. विचारायला काय जातं?

ती व्हाउचर्स मी स्वतः तपासते. तारीख, कुठून कुठे, कशासाठी, किती, सही. मागे ताईने पेन्सिलीने लिहिलेलं असतं की त्या दिवशी कुणाकुणाच्या घरी गेली, कुठलं पोर शाळेत जायचं थांबलंय, कुणाची तपासणीची तारीख चुकलीय. सोबत हजेरीपत्रक टाचलेलं. यापेक्षा मोठा पुरावा कुठल्या बिलात असतो? आणि रेव्हेन्यू स्टॅम्प ५,००० रुपयांच्या वरच्या पावतीला लागतो. ४० रुपयांच्या व्हाउचरला स्टॅम्प मागणाऱ्या माणसाने आमचा हिशेब तपासायचा, आणि आम्ही ‘हो सर, करते सर’ म्हणायचं!

आता तिसरा मुद्दा. माझं डोकं खरं फिरलंय ते यावर. ‘फील्ड स्टाफचं मानधन ओव्हरहेडमध्ये मोडतं, कमी करावं.’

मोडत नाही! कुठल्या नियमात मोडतं, दाखवा. २२ जानेवारी २०२१ ला सीएसआरचे सुधारित नियम आले, त्यात व्याख्या दिलीय. ओव्हरहेड म्हणजे कंपनीला स्वतःचं सीएसआरचं काम सांभाळायला येणारा प्रशासकीय खर्च, आणि ५ टक्क्यांची मर्यादा आहे ती त्याला. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख, मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्यात धरायचाच नाही, असं त्याच व्याख्येत स्वच्छ लिहिलंय. वस्तीत रोज घरोघर फिरणारी बाई अंमलबजावणी नाही तर काय करते? काही जण एफसीआरएचा, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याचा, प्रशासकीय खर्चावरचा २० टक्क्यांचा नियम तोंडावर फेकतात. तो परदेशी पैशासाठी आहे, २०२० च्या दुरुस्तीत ५० वरून २० वर आणलेला. आमच्याकडे परदेशातून एक रुपया येत नाही. त्याचा इथे काय संबंध?

टॅब द्यायला सगळे तयार असतात. बॅगा, वॉटर फिल्टर, भिंतीवर रंगीत चित्रं, काय हवं ते. त्यांचा फोटो निघतो ना. मागे एका देणगीदाराने अभ्यासिकेला टॅब दिले आणि शिकवणाऱ्या मुलीचा पगार बजेटमधून काढून टाकला. स्वयंसेवक बघा म्हणाले. कॉलेजची मुलं परीक्षा आली की गायब होतात, त्यात त्यांचा दोष नाही. अभ्यासिका उघडणारंच कुणी उरलं नाही. टॅब कपाटात पडून बॅटऱ्या फुगल्या. आणि वर्षाने त्याच कंपनीचा मेल, टॅबच्या वापराचा डेटा पाठवा!

फोटोंचा तर वेगळाच ताप. जिओटॅग हवा, बॅनर हवा, लोगो कापला जायला नको, मुलं हसरी हवीत. गरोदर बाईला दवाखान्यात नेताना फोटो का नाही काढला, असं मला तोंडावर विचारलंय. नाही काढला आणि काढणारही नाही. त्या बाईच्या इज्जतीपेक्षा तुमचा वार्षिक अहवाल मोठा नाही.

आणि हे पैसे काही कुणाची मेहेरबानी नाही. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ५०० कोटींची नेटवर्थ, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा, यातलं एक जरी असलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायलाच लागतात. आणि जिथे धंदा करता त्या परिसराला प्राधान्य द्या, हेही त्याच कलमात आहे. दिघा, रबाळे, तुर्भे स्टोअर्स इथल्या वस्त्या एमआयडीसीच्या भिंतीला लागूनच आहेत. तुमच्या कारखान्यांत झाडू मारणारी, पॅकिंग करणारी माणसं इथेच राहतात.

मार्च आला की याच लोकांना आमची आठवण येते. वर्षभर प्रपोजल पडून, आणि होळीच्या सुमारास फोन, ‘मॅडम, ३१ च्या आत खर्च दाखवता येईल का?’ का दाखवू? प्रकल्प एका वर्षापेक्षा मोठा असला तर उरलेले पैसे ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकून पुढची तीन वर्षं वापरायची सोय कायद्यातच आहे. पण नाही. एमओयू, म्हणजे करार, अकरा महिन्यांचा, त्यातले पहिले काही महिने हप्ता यायचीच वाट बघायची, आणि बदल मात्र शेवटच्या तिमाहीत मोजायचा. शाळा सुटलेलं पोर परत वर्गात बसून टिकायला किती काळ लागतो, याची कल्पना तरी आहे का?

कागद आम्ही कधी नाकारले? २०२१ मध्ये 12ए आणि 80जी या आयकर सवलतीच्या नोंदण्या पुन्हा करून घ्या म्हणाले, जुन्या संस्थांनाही, केलं. सीएसआरचे पैसे घ्यायला लागणारा सीएसआर-१ फॉर्म भरला. संस्थांच्या सरकारी दर्पण पोर्टलवर नाव आहे. तीन वर्षांचे ऑडिट दिले. तरी प्रत्येक कंपनीचा फॉरमॅट वेगळा, प्रत्येकीचं पोर्टल वेगळं, आणि अपलोड होता होता लॉगआउट होणारं. आमचे एक जुने विश्वस्त वारले. विश्वस्त बदलल्याचा चेंज रिपोर्ट मुदतीत, ९० दिवसांच्या आत दाखल केला, पोच आहे. धर्मादाय कार्यालयाचा आदेश व्हायचाय, तो काय माझ्या हातात आहे? पण एका देणगीदाराने ‘शेड्यूल वनवरची (धर्मादाय नोंदवहीच्या उताऱ्यावरची) नावं आणि ठरावावरची नावं जुळत नाहीत’ म्हणून अख्खं प्रपोजल बाजूला ठेवलं. माणूस गेलाय हो! ज्यांनी ही संस्था उभी केली, तो माणूस. त्यांचं नाव कसं जुळवू मी?

ताई पगाराचं विचारत नाही, याचाच जास्त त्रास होतो. तिला घरभाडं आहे, पोरीची फी आहे. आजही पाड्यावर गेलीय, रिक्षाचे पैसे स्वतःच्या खिशातून घालून.

आज रात्री मेलला उत्तर जातंय. २०२१ च्या नियमाची प्रत जोडून, ती व्याख्या पिवळी करून. व्हाउचर्स आहेत तशीच जातील, स्टॅम्प लावणार नाही. आणि पुढच्या वर्षीच्या प्रपोजलमध्ये पगाराची ओळ सगळ्यात वर असेल, पूर्ण रकमेची. झेपत नसेल तर एमओयूवर सही करू नका.