पहाटे पाचचं रक्त कधी चुकवू नका
नवीन वॉर्ड मिळालाय ना, मग पहिलं हे शिकून घ्या की पेशंट बघायचा नसतो, त्याचे रिपोर्ट बघायचे असतात. ॲडमिट झाल्या झाल्या सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एलएफटी (लिव्हरची टेस्ट), आरएफटी (किडनीची), इलेक्ट्रोलाइट्स (सोडियम वगैरे क्षार) सगळं "रोज" म्हणून टाकून द्या आणि विसरून जा. विसरणं महत्त्वाचं हां, आठवलं की हे आपण का करतोय असा प्रश्न पडतो. तीन दिवस सगळं नॉर्मल आहे, पेशंट जेवतोय, चालतोय, घरी कधी सोडणार विचारतोय, तरी पहाटे पाचला त्याला हलवून उठवायचं आणि सुई टोचायचीच, तेवढंच त्यालाही वाटतं की ट्रीटमेंट चालू आहे.

राऊंडला सरांनी "सोडियम किती?" विचारलं की आकडा तोंडावर पाहिजे. सोडियम का पाठवलं हे मला अख्ख्या रेसिडेन्सीत एकदाही कुणी विचारलेलं नाही. बोलणी बसतात ती न केलेल्या टेस्टची, केलेल्या टेस्टची कुणाला बसलेली मी तरी ऐकली नाहीत.

आणि एकटी टेस्ट कधी पाठवू नका, पॅनेल पाठवा, म्हणजे टेस्टचा अख्खा गठ्ठा. नॉर्मल रेंज म्हणजे बहुतेक वेळा धडधाकट लोकांपैकी मधल्या 95 टक्क्यांचे आकडे, म्हणजे 100 ठणठणीत माणसांतले 5 जण काहीही झालेलं नसताना रेंजबाहेर. एकमेकींशी संबंध नसलेल्या 20 टेस्ट एकदम केल्या तर अशा माणसाचीही एखादी तरी लाल अक्षरात यायची शक्यता 64 टक्के! लाल आलं की रिपीट, परत लाल आलं की सोनोग्राफी, सोनोग्राफीत भलतंच काहीतरी दिसलं की दुसऱ्या डिपार्टमेंटला रेफरन्स, आणि ते लोक त्यांचं पॅनेल पाठवतातच.

एचबीएवनसी गेल्या दोन-तीन महिन्यांची साखर सांगते, मागच्या आठवड्याचा रिपोर्ट फाईलीत आहे, तरी परत पाठवा. फाईल चाळायला पाच मिनिटं लागतात, टिक करायला एक सेकंद. थायरॉईडच्या गोळीचा डोस बदलला की टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) स्थिरावायला सहा आठवडे लागतात म्हणे, तुम्ही चौथ्या दिवशी पाठवा, आपण काय वाट बघायला बसलोय का.

आयसीयूत तर मजाच आहे. 2002 साली छापून आलेल्या एका अभ्यासात यूरोपातल्या आयसीयूंमध्ये मोजलं तेव्हा टेस्टसाठी माणशी दिवसाला सरासरी 41 मिली रक्त जात होतं. दहा दिवस धरा, जवळजवळ रक्तदानाची एक पिशवी झाली, फक्त दाता आजारी. मग हिमोग्लोबिन उतरलं की दचकायचं, आयर्न, बी12, रेटिक काउंट (नव्या लाल पेशींची मोजणी) पाठवायचा (अजून तीन ट्यूब), शेवटी रक्त चढवायचं, आणि चढवल्यावर हिमोग्लोबिन किती झालं ते बघायला परत रक्त काढायचं. कुणी लहान मुलांच्या, कमी रक्त घेणाऱ्या ट्यूब वापरूया म्हणालं, मशीनला तेवढं पुरतं म्हणालं, तर हसण्यावारी न्या.

सांभाळून राहायचं ते एकाच जमातीपासून, जी "रिपोर्ट काहीही आला तरी उद्या तुम्ही वेगळं काय करणार?" असं विचारते आणि कॉम्प्युटरमधलं ते "रोज" काढून टाकायला बघते. आमच्याकडे अजून कुणी काढलेलं नाही. परवाच पहाटे सिस्टर ट्रे घेऊन एका बेडपाशी उभ्या होत्या, चादर नवीन घातलेली, पेशंट आदल्या संध्याकाळीच घरी गेलेला. लेबलं मात्र त्याच्या नावाची छापून आली होती, तिन्ही ट्यूबची.