पूर्ववापराचा हक्क आपल्याकडे का नसावा?

पुण्यात आलो की पेटंटविषयी दोन ठरलेली मते कानावर येतात. पेटंट म्हणजे परदेशी कंपन्यांनी आपल्या कारखानदारांची वाट अडवण्याचे साधन, हे एक. आणि आपणही भरपूर अर्ज केले की प्रश्न सुटेल, हे दुसरे. जर्मनीत श्टुटगार्टजवळ अनेक वर्षे प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर दुसऱ्या धातूचा मुलामा देण्याच्या, धंद्यात काढल्यावर मला ही दोन्ही मते अपुरी वाटतात, कारण भोसरीतल्या लहान कारखान्याची खरी अडचण त्यांत येतच नाही: आपण आधीपासून वापरत असलेल्या पद्धतीवर दुसऱ्याने पेटंट घेतले, तर ती पुढे वापरण्याचा हक्क, म्हणजेच पूर्ववापराचा हक्क, आपल्याला आहे का?

युरोपीय संघात १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील शिशावर निर्बंध आले आणि कनेक्टरच्या (तारा जोडणाऱ्या सुट्या भागाच्या) पिनांवर शुद्ध कथलाचा मुलामा वाढला. या कथलातून कालांतराने केसाहून बारीक तंतू फुटतात आणि शेजारच्या पिनेला टेकून शॉर्ट सर्किट करू शकतात. तांबे व कथील यांच्यामध्ये निकेलचा थर दिला, तर हा धोका घटतो. हा उपाय सर्वांना ठाऊक आहे; पेटंटे घेतली जातात ती बाथमधील (मुलामा देण्याच्या द्रावणातील) रसायने, करंट आणि तापमान यांच्या बारकाव्यांवर, आणि वाद तिथेच होतात. तयार पिनेवरून तिची पद्धत ओळखणे अनेकदा अशक्य असते. म्हणूनच भारतीय कायद्याच्या कलम १०४-अ नुसार, काही अटी पूर्ण झाल्यास, आपली पद्धत वेगळी असल्याचे सिद्ध करण्याचा भार न्यायालय प्रतिवादीवर टाकू शकते.

भोसरीतला माझा एक मित्र बाथची कृती वहीत लिहून कुलपात ठेवतो. उद्या त्याच कृतीवर दुसऱ्या कोणी पेटंट मिळवले तर? जर्मन पेटंट कायद्याचे कलम १२ अशा माणसाच्या पाठीशी उभे राहते: अर्जापूर्वी ती पद्धत जर्मनीत वापरात असेल, तर तो ती आपल्या धंद्यापुरती चालू ठेवू शकतो. भारतात पूर्वीच्या वापराच्या आधारे, काही अटींवर, पेटंट रद्द करून मागता येते; पण प्रामाणिकपणे आणि गुप्तपणे पद्धत वापरणाऱ्याला ती चालू ठेवण्याचा असा सर्वसाधारण हक्क मात्र नाही. आपल्याच १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचे कलम ३४ पूर्वीच्या वापरकर्त्याचा हक्क मानते, मग पेटंट कायद्यात तो का नसावा? पिंपरी-चिंचवडच्या उद्योजकांनी अर्जांची संख्या मोजण्याआधी ही मागणी लावून धरावी, असे मला मनापासून वाटते.

अर्थात जर्मनीतही पुरावा लागतोच. गेल्या दिवाळीत मित्राची वही मी आग्रहाने पाहिली. पाने गच्च भरलेली होती, पण एकाही पानावर तारीख नव्हती. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी नवी वही घेतली आणि पहिल्या पानावर तारीख घालून सह्या केल्या.