नऊ किलो चारशे

मी एव्हिएशन सेफ्टी ऑडिटर आहे, तेही तेल कंपन्यांसाठी. हे वाक्य लग्नकार्यात बोलायचं मी कधीच सोडून दिलंय, कारण लोकांना त्यातलं फक्त 'ऑडिटर' ऐकू येतं आणि मठ्ठा येईपर्यंत कुणीतरी सोसायटीच्या हिशोबाचं गाऱ्हाणं घेऊन शेजारी बसलेलं असतं. एका काकांना मी अर्धा तास समजावलं की काका, मी हेलिकॉप्टरं तपासतो. काका म्हणाले हो रे, पण टीडीएस कापला गेलाय त्याचं काय.

तर काम असं. मुंबई हायला 1974 साली तेल लागलं, 1976 पासून ते काढायला सुरुवात झाली, आणि तेव्हापासून किनाऱ्यापासून साधारण 160 किलोमीटरवर भर समुद्रात माणसं नोकरीला जातात. चौदा दिवस तिकडे, चौदा दिवस घरी. लोकल तिथे जात नाही, म्हणून हेलिकॉप्टर. ते हेलिकॉप्टर, त्याचे पायलट, त्याचं इंधन, समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवरचं हेलिडेक म्हणजे ते उतरायची जागा, हे सगळं धड आहे का ते तेल कंपनीच्या वतीने बघायचं आणि जे धड नाही ते लिहायचं. त्याला आमच्यात फाइंडिंग म्हणतात. थोडक्यात खोड्या काढण्याचे मला पैसे मिळतात. बायकोचं म्हणणं की घरी मी हेच काम फुकट करतो. आता गॅसच्या नळीवर तारीख छापलेली असते, पाच वर्षांनी ती बदलायची असते, सिलिंडरच्या कड्यावर ए बी सी डी असं तिमाहीचं अक्षर आणि वर्ष असतं, हे मी मेहुणीच्या वास्तुशांतीत तिच्या ओट्याखाली वाकून बघितलं तर काय चुकलं? नळी एक्सपायर झालेली निघाली. त्या दिवसापासून साडूभाऊ माझ्याशी जरा जपूनच बोलतात.

हे साडूभाऊ लक्षात ठेवा. ते प्लॅटफॉर्मवर फिटर आहेत.

मूळ गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. एका बेसवर ऑडिटला गेलो होतो (नाव विचारू नका, सांगणार नाही). काउंटरवरचा पोरगा प्रत्येक प्रवाशाला विचारायचा, "वजन?" आणि माणूस सांगायचा. बस, एवढीच सिस्टीम. दारातून आडवा आत आलेला एक रिगर (जड सामान चढवणारा-उतरवणारा) पापणी न हलवता "पंच्याहत्तर" म्हणाला आणि पोराने पंच्याहत्तर लिहिलं. त्याच्या मागचाही पंच्याहत्तर. मी मागचे मॅनिफेस्ट, म्हणजे प्रवाशांच्या वजनासकट याद्या, काढून बघितले तर अख्खं मुंबई हाय पंच्याहत्तर किलोचं! खरंतर हेलिकॉप्टरला खोटं वजन चालत नाही. हवा जितकी गरम तितकी ती विरळ, विरळ हवेत पंख्यांना उचल कमी मिळते, समोरून वारा नसेल तर आणखी कमी, आणि उडताना एक इंजिन गेलंच तर उरलेल्या एकावर निभावण्याचा हिशोब त्या मॅनिफेस्टवरच्या आकड्यांवर केलेला असतो. तिथे बारा जणांनी लाजेपोटी आठ-आठ किलो गिळले तर शंभरेक किलोंचा एक अदृश्य प्रवासी आत येऊन बसतो, सीटबेल्ट न लावता.

मी लांबलचक फाइंडिंग लिहिलं. प्रत्येक प्रवाशाचं वजन प्रत्येक वेळी काट्यावर मोजावं. बूट, बेल्ट, खिशातल्या सामानासकट, म्हणजे माणूस उडणार तसा. काटा कॅलिब्रेट केलेला, म्हणजे प्रमाणित वजनाशी ताडून बघितलेला असावा. आणि आकडा मोजणाऱ्याला व प्रवाशाला दोघांनाही स्पष्ट दिसावा. हे शेवटचं वाक्य मी हौसेने घातलं, त्याची गरज नव्हती.

आता यंदाचा ऑक्टोबर. फॉलोअप ऑडिट होतं. दसरा होऊन गेलेला, दिवाळी तोंडावर, सकाळी साडेसातलाच शर्ट पाठीला चिकटलेला. गोरेगावहून रिक्षात बसलो आणि चुकून "जुहू एअरपोर्ट" म्हणालो. रिक्षावाला म्हणाला, "टी वन या टी टू?" म्हटलं जुहू, जुहू. तर म्हणाला, "जुहू पे बीच है, एअरपोर्ट उधर है." आता 1928 पासून तिथे विमानतळ आहे, 1932 साली जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन तिथेच उतरले, हे सगळं एस. व्ही. रोडवरच्या ट्रॅफिकमध्ये कुणाला ऐकवणार? आणि त्या बिचाऱ्याला तरी काय बोलायचं. 1953 साली एक कॉमेट विमान सांताक्रूझचा मोठा विमानतळ समजून जुहूला उतरलं, 1972 साली एक जपानी डीसी-8 उतरलं, ते तर धावपट्टी संपली तरी थांबलं नाही. एवढ्या शिकलेल्या पायलटांना जिथे फरक कळला नाही तिथे रिक्षावाल्याने तरी का कळून घ्यावा.

पोचलो. आदल्या दिवशी मी काटा स्वतः तपासला होता. सर्टिफिकेट बघितलं, स्टिकरवरची तारीख बघितली, वर 20 किलोचं प्रमाणित वजन काट्यावर ठेवलं. बरोबर 20.0. 'समाधानकारक' असं लिहून खाली सहीसुद्धा केली. फक्त डिस्प्लेकडे तेव्हा नीट लक्ष दिलं नव्हतं, कारण तो बंद होता. तो आता चालू होता. माझं 'स्पष्ट दिसावा' त्या मंडळींनी भलतंच मनावर घेतलं होतं. स्टेशनवरच्या इंडिकेटरएवढे लाल आकडे, भिंतीवर उंच लावलेले, अख्ख्या वेटिंग हॉलला दिसतील असे. आणि हॉलमध्ये पहिल्या रांगेत साडूभाऊ. मांडीवर टेप मारलेला पुठ्ठ्याचा खोका.

"काय साडूभाऊ, आज आमच्याबरोबर?"

"आज तपासणी कुणाची, आमची की हेलिकॉप्टरची?" मी आपलं हसलो. खोका कसला ते विचारायची गरज नव्हती, वासच सांगत होता. माझी बायको आणि मेहुणी, दोघींनी दोन संध्याकाळी घालून भाजणीच्या चकल्या केल्या होत्या. साडूभाऊंची दिवाळी यंदा प्लॅटफॉर्मवर, म्हणून सगळ्या शिफ्टला पुरतील एवढ्या. घरात त्या डब्याला हात लावायची मला परवानगी नव्हती.

माझं नाव पुकारलं. इथे एक कबुली. चार दिवसांपूर्वी मॅनिफेस्टसाठी ईमेलवर माझं वजन मागितलं होतं, ते मी 84 कळवलं होतं. खोटं नव्हतं ते. जुनं होतं. घरीही तेच चालू होतं, बायकोने कधी विचारलं तर मी "आहे तेवढंच" म्हणायचो. मी बूट काढायला वाकलो तर काउंटरवरचा पोरगा (तोच, तीन वर्षांपूर्वीचा, आता मिशी आलेली) अतिशय नम्रपणे म्हणाला, "सर, बुटासकट. तुमचंच फाइंडिंग आहे." मग मी पाकीट काढून ठेवायला लागलो, तर "सर, खिशासकट." श्वास रोखला. श्वास रोखून वजन कमी होत नाही हे मला माहीत आहे, तरी माणूस रोखतो.

93.4.

हॉलमध्ये शांतता. मागे कुणीतरी हळूच "अरे वा" म्हणालं. पहिला विचार आला की काटा बिघडलाय, पण बिघडलाय म्हणायची सोयच नव्हती, खाली माझी सही होती.

इथेच मिटलं असतं तर हा लेख लिहिला नसता. पाच मिनिटांनी कॅप्टन बाहेर आली. तरुण मुलगी, हातात लोडशीट, म्हणजे वजनांच्या हिशोबाचा कागद. "सर, वारा अजिबात नाही, टेंपरेचर चढतंय. लिमिटच्या 7 किलो वर आहोत." म्हटलं इंधन? "इंधन कमी करणार नाही." बरोबरच बोलत होती ती. तिकडे उतरता आलं नाही तर परत यायला लागतं. 7 किलो म्हणजे काहीच नाही, एरवी कुठल्याही ऑफिसात अशा वेळी कुणीतरी म्हणतं जाऊ द्या हो, चालतंय की. पण ते वाक्य ज्याच्या तोंडून निघूच शकत नाही असा हॉलमध्ये एकच माणूस होता आणि सगळे त्याच्याकडेच बघत होते. मी माझी बॅग देऊ केली. लॅपटॉप, चार्जर, फाईल मिळून 3 किलो. पुरत नव्हती. मला ठेवून जाता येत नव्हतं कारण ऑडिट माझं. माणसाला उतरवलं तर शिफ्ट अडणार. मग पोरगा रांगेतलं सामान एकेक तोलत गेला आणि खोक्यापाशी थांबला.

7.8.

साडूभाऊ काही बोलले नाहीत. खोका उचलून पोराच्या हातात दिला, त्यावर 'ऑफलोड, 7.8 किलो' असा टॅग बांधला गेला, आणि मग त्यांनी मोबाईल बंद करायच्या आधी बराच वेळ काहीतरी टाइप केलं. नऊ किलो चारशे मी जास्तीचा निघालो आणि सात किलो आठशे चकल्या घरी राहिल्या, एवढं गणित फिटरला येतंच.

पाऊण तासाच्या प्रवासात लाइफ जॅकेट घालून आम्ही समोरासमोर बसलो होतो. त्या आवाजात बोलता येत नाही ही हेलिकॉप्टरची सगळ्यात मोठी सेफ्टी.

हेलिडेकचं ऑडिट झालं एकदाचं. आम्ही येणार म्हणून रंग ताजा मारलेला, इतका ताजा की माझ्या बुटाचा पिवळा ठसा डेकच्या मधोमध रंगवलेल्या एचपासून जिन्यापर्यंत उमटत गेला. 210 अंशांत काही अडथळा उभा नको, तिथे कुणीतरी झेंडूचं तोरण लावायला बांबू उभा केला होता, तो काढायला लावला (दिवाळीचं आणि माझं त्या दिवशी पटतच नव्हतं). एक गोष्ट मात्र मनाला लागली. डेकवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं की इथे जास्तीत जास्त इतक्या टनांचंच हेलिकॉप्टर उतरेल. एवढं पोलादाचं धूड, पण आपली मर्यादा उघड रंगवून घ्यायला त्याला लाज वाटत नाही. ब्रिटनमध्ये तर 2015 पासून प्रवाशांच्या खांद्यांची रुंदीही मोजतात, 55.9 सेंटीमीटर किंवा जास्त असेल तर मोठ्या खिडकीजवळचीच जागा, म्हणजे बुडताना माणूस खिडकीत अडकायला नको. हे आपल्याकडेही सुरू करा असं सुचवायचा विचार होता. मग दंडावरून हात फिरवला आणि वहीत लिहिलं, 'इतर काही नाही'. मेसमध्ये चहाबरोबर बिस्किटं होती. कुणीतरी म्हणालं, "यंदा चकल्या येणार होत्या म्हणे."

दुसऱ्या दिवशी परतलो. फोन चालू केला तर फॅमिली ग्रुपवर 46 मेसेज. साडूभाऊंनी काहीच जास्तीचं लिहिलं नव्हतं, फक्त 'दाजी 93.4. चकल्या ऑफलोड.' एवढंच. खाली मेहुणीचा रडका चेहरा, सासूबाईंचा 'असो', आणि बायकोचा एकच शब्द, 'चौऱ्याऐंशी?'

काउंटरवरून खोका ताब्यात घेतला, टॅगसकट. संध्याकाळची वेळ, जोगेश्वरीला रस्ता खणलेला, रिक्षा सव्वा तास.

घरी बायकोने दार उघडलं, बोलली काहीच नाही. खोका घेतला, टॅग वाचला, आणि कपाटातून तो हुकाचा काटा काढला, लेक परदेशी गेली तेव्हा बॅगा तोलायला घेतलेला. खोक्याच्या दोरीत हुक अडकवला.

"अहो, टॅगवर 7.8 आहे."

"हो."

"इथे 7.1 येतंय."

मी म्हटलं, "घरच्या काट्याला कॅलिब्रेशन नसतं. त्याचं रीडिंग पुरावा म्हणून धरता येत नाही."

ती आत गेली, साखरेची एक किलोची न फोडलेली पुडी पिशवीत घालून आणली आणि हुकाला लावली.

1.00.