व्हॅम्पायर मीटिंगमध्ये आहे

व्हॅम्पायरांचं एक बरं असतं, त्यांना कसलीच घाई नसते. चारशे वर्षं गेली काय नि पाचशे गेली काय, चेहऱ्यावर एक सुरकुती नाही. वाचकांचं तसं नसतं हो. मी व्हॅम्पायरच्या कादंबऱ्यांची ही सिरीज वाचायला घेतली तेव्हा हिरॉइन माझ्यापेक्षा मोठी होती, आता अकरावा भाग आलाय, ती अजून चोविशीतच आहे आणि मला तो बारीक टाइप वाचायला चष्मा लागतो.

सिरीजचं नाव सांगत नाही. ज्यांनी वाचलीय ते पहिल्या दोन तक्रारींतच ओळखतील, आणि ज्यांनी नाही वाचली ते नाव कळलं की उगाच उत्सुकतेपोटी पहिला भाग घेतील, आणि तिथेच तर सगळी गोची आहे, पहिला भाग खरंच भारी आहे. म्हणजे कसा, तर हिरो, म्हणजे व्हॅम्पायर, दारात उभा आहे, बाहेर पाऊस, आणि हिरॉइन आतून त्याच्याशी गप्पा मारतेय. बस, एवढंच. बोलावल्याशिवाय त्याला आत पाऊल टाकता येत नाही, आणि हे त्याला माहितीये, आपल्याला माहितीये, तिला माहीत नाहीये. तिच्या तोंडून ‘आत या ना’ कधी निघतं याची वाट बघत मी पानं उलटत होते आणि मध्येच उठून स्वतःच्या खिडकीची कडी लावून आले होते, आता खिडकीच्या कडीने व्हॅम्पायर थोडाच थांबतो पण त्या वेळी सुचलं ते केलं.

मुळात व्हॅम्पायर म्हणजे नियमच. बोलावल्याशिवाय आत येत नाही, आरशात दिसत नाही, ऊन सोसत नाही, रक्ताशिवाय भागत नाही. हे नियम काढून घेतले तर उरतो एक फिकट, श्रीमंत, रात्री झोप न येणारा माणूस, आणि असे तर साधे जिवंत लोकही असतात. आमच्या लेखिकेने हे नियम एकेक करून, अगदी मन लावून, काढून घेतलेत. चौथ्या भागात त्याला एक अंगठी मिळाली, ती घातली की ऊन चालतं. पाचव्यात तो आरशात दिसायला लागला, कारण काय तर हल्लीच्या बऱ्याच आरशांना मागून चांदी नसते. (हे मला पटलं, खोटं कशाला बोलू.) सहाव्यात तो न बोलावता घरात शिरला, तर म्हणे घर भाड्याचं होतं आणि त्याने घरमालकाचं आमंत्रण आधीच घेऊन ठेवलं होतं. सातव्यात कुठल्याशा वनस्पतीचा रस निघाला, तो प्यायला की रक्ताची गरज नाही. वनस्पतीचा रस! माझ्या भावाने ते पान वाचलं आणि म्हणाला, ताई, हा आता शाकाहारी झाला, उद्या सकाळी उठून योगा करेल. मी त्याच्यावर चिडले, आणि आठव्या भागात तो खरंच ध्यानाला बसला.

आता कुणी म्हणेल की नियम बदलले तर बिघडलं कुठे, सगळेच बदलतात. बरोबर आहे. ब्रॅम स्टोकरच्या कादंबरीतला व्हॅम्पायर ड्रॅक्युला, १८९७ चा, भर दिवसा लंडनमध्ये फिरतो, दिवसा त्याची ताकद तेवढी कमी होते. उन्हाने व्हॅम्पायर मरतो ही भानगड १९२२ च्या नोस्फेरातू नावाच्या जर्मन मूकपटातून पसरली. म्हणजे आपण जो नियम आद्य म्हणून छातीठोकपणे सांगतो तोसुद्धा मागून आलेला. पण तो नियम व्हॅम्पायरला नडणारा होता ना! त्याने गोष्ट घट्ट झाली. आमच्याकडे जो नियम बदलतो तो हिरोची सोय बघूनच बदलतो. आजवर एकदा तरी असं झालंय का, की नवीन भागात कळलं, अरेच्चा, ह्याला तर मीठसुद्धा चालत नाही, आता मेला? नाही. प्रत्येक वेळी सवलतच.

आणि मग मीटिंगा सुरू झाल्या. तिसऱ्या भागात एक दोन हजार वर्षांचा म्हातारा व्हॅम्पायर होता, आख्खा भागभर तो तीनच वाक्यं बोलला आणि एका रात्रीत एक गाव रिकामं केलं, मी घाबरून पुस्तक पालथं ठेवून झोपले होते. तो म्हातारा आठव्या भागात एका मंडळाचा अध्यक्ष झाला. आता तो बोलतो. खूप बोलतो. मागच्या बैठकीचा वृत्तांत मंजूर करून घेतो, उत्तरेकडच्या घराण्याला किती खुर्च्या आणि दक्षिणेकडच्या घराण्याला किती यावर जवळजवळ शंभर पानं जातात, कुणीतरी रागारागाने सभात्याग करतं, आणि हिरो, ज्याच्या नुसत्या दारात उभं राहण्याने माझ्या अंगावर काटा आला होता, तो कोपऱ्यात बसून टिपणं काढत असतो. युद्ध होणार, युद्ध होणार असं नवव्या भागापासून ऐकतेय. दहाव्यात दोन्ही सैन्यं समोरासमोर आली, धुकं पडलं, तलवारी निघाल्या, आणि एक उपसमिती नेमून सगळे घरी गेले.

नातेसंबंधांचं तर विचारूच नका. यात कोण कुणाला चावला त्यावरून वंशावळ ठरते, म्हणजे ज्याने चावून व्हॅम्पायर केलं तो बाप, ज्यांना एकानेच केलं ती भावंडं, पण शिवाय त्यांची जिवंतपणीची नातीही चालूच असतात, आणि त्यात लेखिकेला प्रत्येकाचं कुणाशी तरी जमवायचंच असतं. वेताळ पंचविशीत शेवटी वेताळ विक्रमाला विचारतो ना, बापाने एका बाईच्या लेकीशी लग्न केलं आणि त्याच्या मुलाने तिच्या आईशी, तर आता यांच्या मुलांचं एकमेकांशी नातं काय? तिथे विक्रम गप्प बसतो, वेताळ खूश होतो आणि गोष्ट संपते. पंचवीस गोष्टी, खांद्यावर एक वेताळ, काम तमाम. मी सातव्या भागापासून गप्प बसलेय, माझ्यावर कुणी खूश होत नाही आणि गोष्टही संपत नाही.

माझी एक मैत्रीण आहे, तिनेच मला पहिला भाग दिला होता, तिला या सगळ्याचं काही वाटत नाही. अगं, हे असंच असतं, पहिल्यापासून असंच चालत आलंय, म्हणते. आणि दुर्दैवाने तिचा अभ्यास आहे. १८४५ ते १८४७ मध्ये लंडनला व्हार्नी नावाच्या व्हॅम्पायरची गोष्ट दर आठवड्याला एका पेनीला मिळायची, दोनशेच्या वर प्रकरणं झाली. व्हार्नी मरायचा, अंगावर चांदणं पडलं की परत उठायचा, परत मरायचा, आणि तो मुळात व्हॅम्पायर कसा झाला याचं कारणसुद्धा एकदा एक, एकदा दुसरंच. शेवटी त्याने व्हिस्युव्हियस ज्वालामुखीत उडी मारली. मला वाटतं चांदणं पोचणार नाही अशी तेवढी एकच जागा लेखकाला सापडली असावी.

नंतर अ‍ॅन राइस. व्हॅम्पायरांवर लिहिणारी अमेरिकन लेखिका. पहिली कादंबरी १९७६ ची, दुसरी थेट १९८५ ला, म्हणजे बघा तेव्हा लोक थांबायचे. २००३ च्या भागाला वाचकांनी नावं ठेवली तर २००४ मध्ये बाईंनी टीकाकारांना लांबलचक जाहीर उत्तर दिलं, आणि वर, आवडलं नसेल तर पुस्तक परत पाठवा, पैसे देते, असं म्हणून चक्क घरचा पत्ता दिला. मला हे फार आवडतं. मग बराच काळ शांतता, आणि २०१४ ला तिच्या सिरीजमधला तोच व्हॅम्पायर परत, आणि २०१६ च्या भागात अटलांटिस. दंतकथेतलं ते समुद्रात बुडालेलं बेट, हो तेच. शार्लेन हॅरिस या लेखिकेच्या सिरीजचे, सुकी स्टॅकहाउस ही तिची हिरॉइन, २००१ ते २०१३ असे तेरा भाग झाले, तर शेवटच्याचा शेवट पुस्तक यायच्या आधीच फुटला आणि लोक पुस्तक न वाचताच भडकले, कारण सुकीचं त्यांच्या लाडक्या व्हॅम्पायरशी जमलं नव्हतं. तेरा भाग पोरीला लग्नाला उभी केल्यासारखं लोक वाट बघत होते. राग येणारच.

‘मग वाचू नकोस ना’ असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी म्हणून घ्या, घरातले सगळे म्हणून झालेत. हे म्हणणाऱ्यांनी कधी आठ भागांनंतर सिरीज सोडलेली नसते, कारण त्यांनी कधी आठ भाग वाचलेलेच नसतात. आणि सोडायची कशी? दर भागात चारशे पानं रटाळ मीटिंगा आणि मध्येच कुठेतरी दोन पानं अशी येतात, तो एकटाच स्वतःच्या जुन्या घरी जातो, घर आता दुसऱ्याच कुणाचं आहे, आतून ताटल्यांचा आवाज येतोय, आणि हा उंबऱ्याबाहेर. बाईंना लिहिता येतं हो! येत नसतं तर मी कधीच सुटले असते.

त्यामुळे मी आता अपेक्षाच कमी केल्यात. हिरोचे डोळे पहिल्या भागात करडे होते ते पाचव्यापासून हिरवे झाले, चालेल. चारशे वर्षांचा होता तो सहाशेचा झाला, म्हातारपणी वयाचा हिशोब चुकतो. युद्ध नका करू, उपसमितीचा अहवालसुद्धा नको. मला फक्त मांजराचं सांगा. तिसऱ्या भागात हिरॉइनने मध्यरात्री घाईघाईने घर सोडलं, दाराला कुलूप लावलं, आणि आत मांजर होतं. पान एकशे बारा, मांजर सोफ्यावर झोपलंय, स्पष्ट लिहिलंय. त्यानंतर ही बाई किल्ल्यात राहिली, समुद्रापलीकडे गेली, राणी झाली, दोनदा मेली, तिने त्या घराचं नावसुद्धा काढलं नाही. अकरा भागांत एका माणसाला वाटलं नाही की मांजराला जेवायला कोण घालतंय?

मैत्रिणीला विचारलं तर ती शांतपणे म्हणाली, अगं सोपं आहे, मांजरही व्हॅम्पायर झालं असेल, बाराव्या भागात येईल बघ.

म्हटलं, येईल कसं? बाहेरून कुलूप आहे. आणि त्याला चावायला कुणी आत गेलं असेल तर त्याला ‘या’ कोण म्हणालं, मांजर?

ती म्हणाली, घर भाड्याचं होतं.